पाहणीच्या दिवशी सोडलेलं पाणी

मु. मळणहट्टी, ता. बेळगाव
१७ जानेवारी १९८४

चि. परशराम,

आक्काचा आशीर्वाद. संक्रांत झाली. तीळगूळ तुरुंगात पोचू देतात की नाही ठाऊक नाही, तेव्हा कागदावरच घे आणि गोड मानून घे.

तुझं पत्र पोचून महिना होऊन गेला. आईनं कंग्राळीहून स्वतः आणून दिलं, पदराआड धरून. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांना ते दिसलं.

इकडं ठीक आहे. अंबू शाळेत जाते. तिच्या पायावरची खरूज अजून हटलेली नाही. म्हैस आटली. तुझ्या तुटलेल्या बोटांची जागा थंडीत ठणकते असं आई म्हणाली. तेल मिळत असेल तर कोमट करून चोळत जा.

पत्रात तू एकच विचारलंस. "आक्का, त्या दिवशी तू माझं नाव घेऊन ओरडलीस, ते थांब म्हणून की मार म्हणून?" तिथं पत्रं उघडून वाचतात म्हणे. तरी लिहिलंस. त्याचं उत्तर लिहायला आज माझा हात चालत नाही. आधी दुसरं सांगते.

मार्चमध्ये माझी साक्ष आहे. सरकारी वकिलांनी बोलावून घेतलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरचे माझ्याकडून पाठ करून घेतायत, शाळेत पाढे घ्यायचे तसं. माझे दीर, मष्णू भावजी म्हणतात, "पर्शा बांबू घिऊन दबा धरून बसलाता, दादाच्या हातात कायबी नव्हतं. एवढंच सांगायचं." आई म्हणते, "तू लांब हुतीस, धूर हुता, तुला कायबी दिसलं न्हाय." दोघंही रडत सांगतात. दोघांनाही मी हो म्हणते आणि कामाला लागते.

तुला तुझ्या बाजूचं सगळं ठाऊक आहे. नाल्याच्या ह्या टोकाला काय चाललं होतं ते मात्र तू कधी विचारलं नाहीस. ते आज वाच.

शहापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात तू कामाला लागलास तेव्हा मी आमच्या गल्लीत साखर वाटली होती. तुम्ही सूत धुता ते पाणी नाल्यात पडतं आणि तो नाला माझ्या सासरच्या भातात येतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्यांदा बेडूक मेले. मग बांधावरचं गवत जळाल्यासारखं पिवळं पडलं. मग विहिरीवर तवंग दिसायला लागला. आमच्या बासमतीचा बाजारात माणसं मूठभर घेऊन वास घ्यायची. त्याच भाताला सोड्यासारखा वास यायला लागला आणि व्यापारी पोतं उघडून परत बांधायला लागले.

तुझे दाजी त्यापायी वेडे झाले होते. शेत मष्णू भावजींच्या अंगावर टाकून बेळगावला हापिसांच्या पायऱ्या चढायचे. एका ठिकाणी म्हणायचे, हे नगरपालिकेचं काम. नगरपालिकेत म्हणायचे, बंगळूरला कळवा. मराठीतला अर्ज परत आला, कानडीत लिहून आणा म्हणून. ते कानडी शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेऊन पुन्हा गेले. घरी आले की अंगणात बसून नाल्याकडं बघत राहायचे. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही, आणि दुसऱ्यांदा मारली तर माझ्या अंगावर यायचे.

शेवटी मंजुरी आली. नाल्याच्या तोंडाशी सरकार तीन हौद बांधणार. पहिल्यात रंगाचा गाळ बसणार, दुसऱ्यात चुना घालणार, तिसऱ्यातून निवळलेलं पाणी खाली सोडणार. सरकारनं एका हौदाचा निधी दिला. उरलेल्या दोन हौदांचा निधी बंगळूरच्या साहेबांनी पाहणी केल्यावर मिळायचा होता. पहिल्या हौदाची कोनशिला बसली त्या दिवशी दाजी कपाळभर गुलाल लावून घरी आले आणि अंबूला खांद्यावर घेऊन गावभर फिरले. मुलगी खिदळत होती, तेही खिदळत होते. तू त्यांना हात उगारलेलंच बघितलंस. असेही होते ते.

माझा हात मोडला तो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. हौद एकच झालेला, पाणी त्यात साचून तुंबायचं आणि वरून सांडायचं. पाहणीला कुणी येत नव्हतं. मी म्हटलं, आता सोडा हा नाद, भांगलायला माणसं मिळत नाहीत. एवढ्यावर त्यांनी खोरं उचललं. तुला मी पायरीवरून घसरले म्हणून सांगितलं. पंचमीला तू आलास, हात बघितलास, आणि त्यांच्यादेखत म्हणालास, "दाजी, पुन्यांदा हात लावलासा तर मी हाय." ते हसले. मला मात्र तेव्हा बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

मग एकदाचा पाहणीचा दिवस ठरला. दिवाळी तोंडावर होती, भात निसवलं होतं. दाजींनी आदल्या दिवशी दाढी केली, धुतलेलं धोतर काढून ठेवलं. साहेबांपुढं काय बोलायचं ते गोठ्यात म्हशीपुढं बोलून बघत होते.

सकाळी न्याहारीला बसले आणि मष्णू भावजी शेतातून बोंब मारत आले. नाला बांध फोडून भातात शिरला होता. मी पण पळाले. जांभळं पाणी, परशराम. कुठं निळं, कुठं तांबडं, बहुतेक जांभळं. लोंब्या घेऊन भात उभं होतं आणि कमरेपर्यंत त्या पाण्यात. पहाटे नाल्यावर पाणी प्यायलेला आमचा बैल बांधावर आडवा झाला होता. पाय झाडत होता. तोंडाला फेस, आणि त्या फेसालाही रंग.

वरच्या वस्तीवरून आलेल्या एकानं सांगितलं की पहाटे हौदाचं पाणी अडवणारी फळी कुणीतरी उचलली. साहेब येणार म्हणून. हौद रिकामा दिसला की सगळं नीट चाललंय असं वाटेल म्हणून.

दाजींच्या तोंडात न्याहारीचा घास अजून तसाच होता. तो त्यांनी थुंकला. ज्या पाहणीसाठी ते चपला झिजवत हिंडले, तिच्याचपायी भात बुडालं, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. ते ओरडले नाहीत. घरात गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

बघता बघता अर्धं गाव निघालं. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या पहार. एकीनं ते पाणी बादलीत भरून घेतलं, साहेबांना पाजायला म्हणून. मी अंबूला सासूबाईंपाशी टाकलं आणि बांधाबांधानं धावत सुटले, कारण तिथं तू होतास.

सासूबाई हाक मारतायत. पुढचं आज लिहवणार नाही.

मनू


कंग्राळी
११ मार्च १९८४

परशराम,

उद्या साक्ष आहे. आई आजारी आहे असं सांगून मी इकडं आले. आई आजारी नाही. सकाळी तिनं माझे पाय धरले. चुलीपुढं बसले होते, तिथंच वाकली आणि धरले. "जावई गेला. ल्योक तरी ऱ्हाऊ दे गं मनू." मी पाय सोडवून घेतले आणि मागल्या दारी जाऊन बसले. आता ती देवळात गेलीय. ती यायच्या आत हे संपवते.

तुझ्या वकिलांचा निरोप होता, पत्रात काही लिहू नका. मी लिहितेय. उघडणाऱ्यानं खुशाल वाचावं. उद्या कोर्टात हेच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

मी कारखान्यावर पोचले तेव्हा साहेबांची जीप उलटी पडली होती आणि तिची चाकं अजून फिरत होती. पडवीत वाळत घातलेल्या सुताच्या लडी पेटवल्या होत्या. ओलं सूत जळत नव्हतं, नुसता कडू धूर निघत होता. तुमच्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराला चौघं लाथांनी तुडवत होते. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून "नानल्ला, नानल्ला" म्हणत होता, मी नव्हे, मी नव्हे. त्या चौघांनाही कानडी कळतं. तरी तुडवत होते. त्यातला एक माझ्या लग्नात वाढायला होता. त्याचं तोंड मी ओळखलं नाही, सदऱ्यावरून ओळखलं.

दाजींनी त्या तरण्या साहेबांची मान धरली होती. गुडघ्यावर बसवून त्यांचं तोंड बादलीत बुडवत होते. "पी! आमी रोज पितोय, तू आज पी!" साहेब वर आले की नाकातोंडातून जांभळं पाणी यायचं. ते हिंदीत सांगत होते, तुमचा अर्ज मीच पुढं पाठवला, मीच निधी मंजूर करून आणला. दाजींना ते ऐकू गेलं. मी बघत होते, त्यांचा हात थांबला. त्यांनी साहेबांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मला वाटलं आता सोडतील. त्यांनी बादली उचलली आणि तीच त्यांच्या तोंडावर घातली. दात फरशीवर पडलेले मी बघितले.

मग त्यांनी विचारलं, फळी कुणी उचलली. कुणीतरी हौदाकडं बोट केलं.

मी धुराला वळसा घालून हौदाच्या पलीकडच्या अंगाला गेले. हौद रिकामा म्हणायचा तो वरवरच. पाणी गेलेलं, तळाचा गाळ तसाच, माणसाच्या छातीइतका. भिंतींवर रंगाचा बुळबुळीत थर. तू त्या काठावर उभा, हातात सूत ढवळायचा बांबू. ते तुझ्यासमोर. मधे हौद आणि इकडं मी.

"फळी कुणी उचलली रं?"

"म्या उचलली, दाजी."

"का?"

"मालकानं सांगिटलं."

"खाली तुझी भण ऱ्हाती. ठावं हुतं न्हवं?"

तू म्हणालास, "ठावं हुतं."

त्यांनी कुऱ्हाड घातली. तू डावा हात मधे घातलास म्हणून डोकं वाचलं. बोटं काठावर पडली. तू ओरडलास तसं मी तुला लहानपणी पण ओरडताना ऐकलं नव्हतं. पहिला वार त्यांचा. हे मी उद्या सांगणार आहे. सासरचे माझं काय करायचं ते करोत.

त्यांनी परत कुऱ्हाड उचलली तेव्हा तू बांबूनं ढकललंस आणि ते आत पडले. कुऱ्हाड काठावरच राहिली. इथपर्यंत तू चुकलास असं मी म्हणणार नाही. दुसरं कुणी असतं तर त्यानंही हेच केलं असतं.

पुढचं तू वकिलांना वेगळं सांगितलंस. बांबू खाली दिला, त्यांनी धरला, हातातून निसटला, असं.

ते गाळात छातीपर्यंत रुतले होते. भिंतीला हात लावायचे आणि घसरायचे. रिकामे हात. मग वर बघून म्हणाले, "पर्शा, हात दे." राग नव्हता आवाजात. घरातल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले. तू बांबू खाली घेतलास. मलाही वाटलं वर काढतोयस. त्यांनाही तसंच वाटलं, त्यांनी धरायला हात वर केला. तू बांबू त्यांच्या गळ्याखाली टेकवलास आणि दाबलंस. ते खाली गेले. धडपडून वर आले, डोळे उघडत नव्हते, तोंड उघडं होतं. तू पुन्हा टेकवलास. तेव्हा मी ओरडले.

तू मान वर केलीस. मला बघितलंस. ओळखलंस. आणि बांबू उचलला नाहीस.

तू विचारलंस त्याचं उत्तर हे. थांब म्हणून ओरडले. त्यांचं नाव मला घेता येत नव्हतं, लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं, म्हणून तुझं घेतलं. त्यात दुसरं काही नव्हतं. मार असं तुला ऐकू आलं असेल तर ते तुझ्या कानाचं, माझ्या तोंडचं नाही.

बोटांचा राग होता, पंचमीला दिलेला शब्द होता, का आणखी काही, ते तुझं तू जाण. पण मला सोडवलंस असं म्हणू नकोस. मार मी खात होते. त्या घरात राहायचं का अंबूला घेऊन बाहेर पडायचं, ते मी ठरवणार होते. मनात जुळवत आणलं होतं, तुला ते माहीत नाही. तू तेही त्या गाळात घातलंस. आता मी त्यांच्याशी भांडू शकत नाही, त्यांना सोडूनही जाऊ शकत नाही. मेलेल्या माणसाला कुणी सोडून जातं का?

त्यांना बाहेर काढेपर्यंत दुपार टळून गेली. पोलिसांचं सगळं होऊन प्रेत दुसऱ्या दिवशी घरी आलं. सासूबाईंनी अंघोळ घातली. राखेनं घासलं, मग शिकेकाईनं, मग पाय घासायच्या वजरीनं. कातडं निघायला लागलं, रंग निघाला नाही. शेवटी मष्णू भावजींनी त्यांचा हात धरला, "आई, बास." जांभळ्या अंगानंच त्यांना नेलं. अंबू दाराआडून सगळं बघत होती. तिला बाजूला न्यायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा.

देवळाकडून आईचा आवाज येतोय. उद्या तू पिंजऱ्यात असशील. माझ्याकडं बघ किंवा बघू नकोस. मी सांगायचं ते सांगेन.

मनू


निपाणी
२ सप्टेंबर १९८४

चि. परशराम,

निकाल यशोदाकडून कळला. शाळेत माझ्या शेजारी बसायची ती यशोदा, आता निपाणीत असते. तिच्या नवऱ्यानं वर्तमानपत्रात वाचलं. सात वर्षं. पहिला वार दाजींचा म्हणून खून धरला नाही, आणि बांबूमुळं सोडलंही नाही. माझ्या साक्षीची दोन्ही अर्धी कोर्टानं घेतली. ज्यांना एकेक अर्धंच हवं होतं त्यांनी मला घेतलं नाही.

साक्षीच्या दिवशी तू बघत होतास, तरी तुला एक कळलं नसेल. वकिलांनी पहिलंच विचारलं, मयताचं नाव सांगा. माझी जीभ उचलेना. न्यायाधीशांनी परत विचारलं. मी म्हटलं, अंबूचे आबा. मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, बाई, नाव लागेल. तेव्हा घेतलं. रवळू. सगळं कोर्ट ऐकेल इतक्या मोठ्यानं. जन्मात पहिल्यांदा घेतलं ते त्यांना कसं मारलं हे सांगायला. त्यानंतर बाकीचं सांगणं जड गेलं नाही.

मळणहट्टीला घरी पोचले तेव्हा मष्णू भावजी अंगणात उभे होते. हातात बैलाचा कासरा. "दादानं आधी कुऱ्हाड घातली म्हणून सांगिटलीस व्हय गं? भावाला वाचवलीस व्हय?" मी म्हटलं, दोघांचंही सांगितलं. पुढचं त्यांनी ऐकलं नाही. सासूबाईंनी अंबूला आत घेऊन दार लावलं. मी दाराला धरून होते आणि ते पाठीवर मारत होते. गल्लीतली माणसं उभी राहून बघत होती. तुम्ही जसे त्या म्हाताऱ्याला तुडवताना बघत होता तसं बघा, असं मी त्यांना म्हटलं. त्यातल्या दोघांनी माना खाली घातल्या. पुढं कुणी आलं नाही.

अंबू मागल्या दारानं बाहेर आली आणि मला येऊन बिलगली. भावजींचा हात चालूच होता, कासऱ्याची गाठ तिच्या कानशिलावर बसली. ती रडली नाही. मग ते थांबले. कासरा टाकून खाली बसले आणि गुडघ्यात तोंड घालून मोठ्यानं रडायला लागले, "दादा, दादा" करत. त्या माणसाचा मला राग यायला हवा. येतो पण. त्या घटकेला मात्र वाटलं, ह्याच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवावा. मी ठेवला नाही. मी अंबूला उचललं आणि अंगावरच्या कपड्यानिशी निघाले.

कंग्राळीला गेले. आपल्या वैरणीची गंजी पेटलेली होती. मळणहट्टीची पोरं आमच्या आधी येऊन गेली होती, परसातलं नारळाचं झाडसुद्धा तोडलं होतं. आई अंगणात राखेजवळ बसली होती. मला बघून म्हणाली, "भावाला आत घालून आलीस. आता ही गंजीबी बघ." आत ये म्हणाली नाही. अंबूला पाणी दिलं, मला दिलं नाही. तिला मी दोष देत नाही. पण त्या अंगणात मी परत पाऊल टाकणार नाही.

इथं मी तंबाखूच्या वखारीत काम करते. खकाणा नाकातोंडात जातो, पहिले काही दिवस उलट्या झाल्या, आता सवय झाली. बायका चांगल्या आहेत. मुकादम अंगचटीला आला तेव्हा त्यांनी त्याला वखारीतच धरून बडवला. मी पण दोन घातल्या. हात चालायला लागल्यावर थांबवणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं, म्हणून तुला लिहिते. मी थांबले, परशराम. थांबता येतं.

त्या साहेबांचं तुला कुणी सांगितलं नसेल. ते वाचले. जबडा तारेनं बांधला होता, एका डोळ्यानं कमी दिसतं. साक्षीला आले होते, बोलताना शब्द नीट उमटत नव्हते. बाहेर पडताना मला हात जोडले. मीही जोडले. त्यांच्यानंतर पाहणीला यायला कुणी तयार झालं नाही. पाहणी नाही म्हणून पुढचे हौद नाहीत, आणि मार्च संपताना मंजूर झालेला निधीही परत गेला. दाजींनी एवढ्या वर्षांत जे मिळवलं ते सगळं. हौद आहे तसाच आहे. कारखाना परत सुरू झालाय, फळी उचलायला दुसरं कुणीतरी ठेवलं असेल. मळणहट्टीत तुझ्या नावानं शिव्या चालतात, माझ्या नावानं चालतात. पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. अर्ज करणारं कुणी उरलं नाही.

कंग्राळीत मात्र तुझं नाव झालंय. बहिणीसाठी तुरुंगात गेला म्हणतात. आई ते देवळाच्या कट्ट्यावर सांगत बसते. भेटीला येणाऱ्यांना तूही तेच सांगतोस असं यशोदाच्या कानावर आलं. ते बंद कर. तुला वाटत असेल, एवढा आधार तरी असू दे. तो माझ्या अंगावर उभा आहे. त्याचं वजन मला पेलवत नाही.

भेटीला मी येणार नाही. पत्र लिहिलंस तर वाचेन.

राहिली अंबू. तिला एवढंच ठाऊक आहे की आबा हौदात पडले. मामा कुठं आहे विचारते. मी म्हणते, लांब आहे. आईनं तिला एक सांगितलं असतं, मष्णू भावजींनी दुसरं. मी काहीच सांगितलेलं नाही. मला येतं सगळं सांगायला, कोर्टात सांगितलं तसं. पण तिला सांगायचं काम माझं नाही, तुझं आहे.

सुटशील तेव्हा ती समजायच्या वयाची झालेली असेल. आधी आईला भेट. मग निपाणीला ये, दिवसाउजेडी ये. तिच्यासमोर बैस. तुझा हात तिला बघू दे. बोटं कशी गेली ते सांग, तिच्या बापानं काय केलं ते काही लपवू नकोस. मग पुढचंही सांग, बांबूचं, त्यांनी हात मागितला होता तेही. आक्कासाठी केलं असं म्हणायचं नाही. मी चुलीपाशी असेन, मधे एक शब्द बोलणार नाही.

तिनं ताट वाढलं तर जेव. नाही वाढलं तर उठून जा, आणि तिच्यावर रागावू नकोस.

तुझी बहीण,
मनू